जाळे, प्रकाश आणि एक जुने दालन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चेन्नई येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यानाला उभ्या राहणाऱ्याकडून श्रोत्यांची एक रास्त अपेक्षा असते. त्याने संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव करावा, संस्थापकांचे पुण्यस्मरण करावे आणि मराठी भाषेच्या भवितव्याविषयी दोन आश्वासक शब्द बोलावेत. हे कार्य माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी याच व्यासपीठावरून उत्तम रीतीने पार पाडले आहे. तेव्हा आज मी आपणांस थोड्या दूरच्या मुलखात नेणार आहे. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील एका जुन्या कलासंग्रहालयाच्या दालनात टांगलेल्या एका जाळ्याविषयी, आणि त्या जाळ्यावर खेळणाऱ्या रंगीत प्रकाशाविषयी मला बोलायचे आहे. विषय परका वाटेल. परंतु ज्या किनाऱ्यावर त्या जाळ्याची कल्पना जन्मास आली तो किनारा आपल्या या शहरापासून जेमतेम साठ किलोमीटरांवर आहे, हे कळल्यावर त्याचे परकेपण उरणार नाही अशी माझी खात्री आहे.

प्रथम त्या वास्तूची ओळख करून देतो. व्हाइट हाऊसपासून हाकेच्या अंतरावर, पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर, लाल विटांची एक भारदस्त इमारत उभी आहे. तिला आज रेनविक गॅलरी म्हणतात. विल्यम कॉर्कोरन या धनाढ्य पेढीवाल्याने आपला चित्रसंग्रह लोकांना पाहता यावा म्हणून १८५९ मध्ये तिचे बांधकाम आरंभिले. वास्तुरचनाकार होते जेम्स रेनविक. पॅरिसच्या लूव्हर राजवाड्यावरून त्यांनी तिची घडण योजिली आणि प्रवेशद्वारावर दगडात तीन इंग्रजी शब्द कोरविले. त्यांचा अर्थ एवढाच, की ही वास्तू कलेला समर्पित आहे.

हा संकल्प दगडात कोरला गेला खरा. परंतु नियतीने त्याची थट्टा आरंभली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्धाचा भडका उडाला आणि सैन्याने ही इमारत ताब्यात घेतली. जेथे चित्रे लागावयाची तेथे सैनिकांच्या गणवेशांचे गठ्ठे रचले गेले. १८६९ मध्ये ती मालकाला परत मिळाली आणि १८७४ मध्ये, म्हणजे पायाभरणीनंतर तब्बल पंधरा वर्षांनी, कलासंग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडली. तिच्या वरच्या मजल्यावरील भव्य दालनाच्या भिंती त्या काळच्या रीतीप्रमाणे एकावर एक लावलेल्या तैलचित्रांनी भरून गेल्या. पुढे संग्रह वाढला, जागा पुरेना, आणि १८९७ मध्ये चित्रे दुसरीकडे हलली. १८९९ पासून १९६४ पर्यंत या इमारतीत सरकारविरुद्धचे दावे ऐकणारे न्यायालय भरत असे. एके काळी ती पाडून टाकण्याचेही घाटत होते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकेलिन यांनी परिसरातील जुन्या वास्तू वाचविण्याचा ध्यास घेतला, म्हणून ती तरली. १९६५ मध्ये ती स्मिथसोनियन संस्थेकडे आली आणि १९७२ मध्ये तिने पुन्हा आपली दारे उघडली, ती अमेरिकेतील हस्तकलांचे संग्रहालय म्हणून.

हा तपशील मी मुद्दाम सांगितला. जुन्या वास्तूविषयी आपण बोलू लागलो की, ती तिच्या मूळ स्वरूपात राहिली पाहिजे, हे वाक्य सहजच आपल्या तोंडी येते. आता या इमारतीचे मूळ स्वरूप कोणते मानावे? तिचा पहिला प्रत्यक्ष उपयोग कोठार म्हणून झाला. सर्वांत दीर्घ काळ, पासष्ट वर्षे, ती न्यायालय होती. चित्रे तेथे नांदली ती अवघी तेवीस वर्षे. वर्षांच्या हिशेबाने पाहू जाता तेथे वकीलच शोभावेत! तरीही ती कलेची वास्तू म्हणूनच ओळखली जाते. का, तर दारावरचा शब्द कोणी पुसला नाही. वास्तूत काय काय राहिले यापेक्षा वास्तू कशासाठी उभारली, हे तिचे खरे मूळ स्वरूप होय.

२०१३ मध्ये ही इमारत दुरुस्तीसाठी बंद झाली. तीन कोटी डॉलर खर्चाचे हे काम. निम्मा पैसा सरकारचा, निम्मा देणगीदारांचा. कधी काळी घातलेली खोटी छते काढली तेव्हा वरच्या मजल्यावर दोन जुनी कमानदार छते दृष्टीस पडली. छते पूर्ववत केली गेली. दिवे मात्र सारे नवे, एलईडी पद्धतीचे बसविले. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी दारे पुन्हा उघडली, तेव्हा संचालकांनी एक धाडस केले. कपाटांतील जुन्या वस्तू परत मांडण्याऐवजी त्यांनी नऊ कलावंतांना एकेक जागा देऊन टाकली आणि त्या प्रदर्शनाला विस्मय या अर्थाचे नाव दिले. जिन्यावर लिओ व्हिलारिअल या कलावंताने पोलादाच्या ३२० चकचकीत दांड्यांत २३,००० लुकलुकते दिवे बसवून टांगले. गॅब्रिएल डॉव याने शिवणकामाचे साधे रंगीत धागे जमिनीपासून छतापर्यंत अशा कौशल्याने ताणले की, खोलीत इंद्रधनुष्याचा झोत शिरल्याचा भास व्हावा. आणि जेथे एके काळी कॉर्कोरनची तैलचित्रे होती, त्या सुमारे ४,००० चौरस फुटांच्या भव्य दालनात जॅनेट एकेलमन या शिल्पकर्तीने आपले जाळे टांगले.

आता या एकेलमनबाईंची हकीकत ऐका, कारण येथेच आपला किनारा येतो. त्यांचा जन्म १९६६ मधला, फ्लोरिडातला. शिल्पकलेचे वा अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. कलाशिक्षणासाठी सात संस्थांकडे अर्ज केले आणि सातही ठिकाणांहून नकार आला, हे त्यांनी स्वतःच जाहीर व्याख्यानात सांगितले आहे. त्या आपल्या परीने चित्रे काढीत राहिल्या. १९९७ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या भारतात आल्या. येथे चित्रप्रदर्शने भरवायची, असे ठरले होते. रंगसाहित्य आगाऊ पाठवून त्या महाबलीपुरमला येऊन पोहोचल्या. प्रदर्शनाची तारीख जवळ आली, पण रंग काही आले नाहीत.

महाबलीपुरम हे शिल्पकारांचे गाव. पल्लवांच्या काळात, सातव्या-आठव्या शतकांत, तेथे अखंड पाषाणातून रथ कोरले गेले, आणि आजही तेथे छिन्नीचा आवाज थांबलेला नाही. रंग नाहीत तर शिल्प करू, असे म्हणून बाईंनी ओतीव धातूचे काम करून पाहिले. परंतु मोठी आकृती करावी तर ती फार जड होई आणि फार महाग पडे. अशा अडचणीच्या दिवसांत त्या सायंकाळी समुद्रकाठी फिरावयास जात. तेथे मच्छीमार आपली जाळी गोळा करून वाळूवर त्यांचे ढीग घालीत. हे दृश्य त्या रोजच पाहत होत्या. एके दिवशी मात्र ते त्यांना निराळे दिसले. एवढा मोठा आकार, आणि वजन जवळजवळ नाहीच! दगड नको, धातू नको. हवा जिच्यातून आरपार जाते अशी आकृती दोऱ्याच्या गाठींतून उभी राहू शकते, हे त्यांच्या ध्यानी आले. त्या कोळ्यांनाच हाताशी धरून त्यांनी पहिली जाळीशिल्पे विणून घेतली आणि ती खांबांवर चढवून वाऱ्यावर सोडली. तेथून पुढचा प्रवास पोर्तुगालमधील पोर्तो शहरापासून अमेरिकेतील फिनिक्सपर्यंत झाला. ऊन, खारा वारा आणि धूर यांना दाद न देणारे तंतू शोधले गेले. वजनाच्या मानाने पोलादाच्या पंधरापट बळकट असे दोर वापरले गेले. वाऱ्याचा ताण मोजण्यासाठी विमानविद्येतले अभियंते आले. परंतु मूळ युक्ती राहिली ती कोळ्यांचीच, गाठीला गाठ जोडून पोकळीला आकार देण्याची.

वॉशिंग्टनच्या दालनातील शिल्पाचे नाव मोठे चमत्कारिक आहे. त्यात एक दशांश आठ हा आकडा आहे. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ प्रचंड भूकंप झाला आणि त्यामागोमाग त्सुनामीच्या लाटा उसळल्या. त्या धक्क्याने पृथ्वीच्या पोटातील द्रव्य किंचित हलले आणि तिच्या आसाच्या थोडे जवळ सरकले. कथक नर्तकी गिरकी घेताना हात अंगाशी ओढून घेते तेव्हा तिचा वेग वाढतो, हे आपण पाहिले आहे. पृथ्वीचेही तसेच झाले. तिची गिरकी तीळमात्र वेगाने होऊ लागली आणि आपला दिवस एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या १.८ पट इतका लहान झाला, असे अमेरिकेच्या अंतराळ संस्थेतील शास्त्रज्ञांनी गणित करून सांगितले. त्या दिवशी पॅसिफिक महासागरावर लाटा कोठे किती उंच होत्या याची शास्त्रीय माहिती उपलब्ध होती. त्या उंचसखल नकाशावरून बाईंनी जाळ्याची आकृती घडविली. दालनात जाऊन मान वर केली की डोक्यावर जो झुलता, तांबूस रंगाचा विस्तार दिसे, तो त्या लाटेचाच आकार असे. पायांखाली त्याच लहरींची नक्षी छापलेला गालिचा असे. लाट वर आहे आणि आपण तिच्या तळाशी आहोत.

या जाळ्याला जिवंतपणा येतो तो प्रकाशामुळे. येथे क्षणभर थांबून प्रकाशाचा व्यवहार समजून घेतला पाहिजे, कारण वस्तुसंग्रहालयांच्या शास्त्रात प्रकाश हा एक प्रकारे शत्रूच मानला जातो. प्रकाशात, विशेषतः त्यातील अतिनील किरणांत, रंग उडविण्याची शक्ती असते. आपल्या आज्या पैठणी उन्हात वाळत घालीत नसत, त्या याच अनुभवाने. जुनी वस्त्रे, जलरंगातील चित्रे, हस्तलिखिते यांच्यावर ५० लक्सहून अधिक प्रकाश पडू देऊ नये, असा संग्रहालयांचा दंडक आहे. भर दुपारच्या उन्हात हेच माप एक लाखाच्या घरात जाते, हे लक्षात घेतले म्हणजे संग्रहालयांची दालने इतकी अंधारी का असतात याचा उलगडा होतो. ज्या घरात प्रकाशाला दबकत यावे लागते, त्याच घरात त्याला मध्यभागी बसवून त्याचा सत्कार करावा, हे या मांडणशिल्पाचे पहिले वैशिष्ट्य.

नव्या दिव्यांमुळे हे सुकर झाले. एलईडी दिव्याच्या झोतात अतिनील किरण जवळजवळ नसतात आणि उष्णताही फार थोडी असते. तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांचे प्रमाण कमीअधिक करून त्यातून हवा तो रंग मिळविता येतो आणि यंत्राला आधी आज्ञा देऊन ठेवली की रंग इतक्या संथपणे पालटतात की, पालट केव्हा झाला हे पाहणाऱ्याला कळतही नाही. त्यातच धाग्याचा स्वतःचा रंग असतो. तांबडा धागा तांबडा दिसतो, कारण तो तांबडे किरण परतवितो आणि बाकीचे गिळून टाकतो. त्याच धाग्यावर नुसता निळा प्रकाश टाकला तर परतवायला त्याच्याजवळ काही उरत नाही, आणि तो काळवंडतो. म्हणजे दिवा बदलला की जाळ्याचा एक भाग विझतो आणि दुसरा पेटतो; जाळे जागचे हलले नाही तरी लाट पुढे सरकल्यासारखी वाटते.

छायेची गंमत तर आणखी निराळी. आपण समजतो की सावली काळी असते. एका दिव्याची सावली काळी असेलही. परंतु एका बाजूने तांबडा आणि दुसऱ्या बाजूने हिरवा दिवा असेल, तर तांबड्याची वाट अडली त्या ठिकाणी हिरवा पोहोचतो आणि हिरव्याची अडली तेथे तांबडा. मग सावल्यांनाही रंग चढतात. आपला आकाशकंदीलही रंगीत प्रकाशच देतो. पण तेथे दिवा आत असतो आणि रंगीत कागद बाहेर. येथे दिवे बाहेर आहेत, जाळे मध्ये आहे, आणि त्याच्या गाठीगाठींची रेखाचित्रे भिंतींवर उमटून हळूहळू सरकत आहेत. जणू कंदिलाची आतली बाजू बाहेर काढून आपणांस तिच्यात बसविले आहे.

ते दालन मी पाहिले, तेव्हा मला जाळ्याइतकेच माणसांचे कौतुक वाटले. संग्रहालयात माणसे कशी वागतात हे आपण जाणतो. हात मागे बांधून, कुजबुजत, एका चौकटीपुढून दुसऱ्या चौकटीकडे सरकत राहावयाचे. येथे लोक गालिच्यावर चक्क आडवे झाले होते. कोटाची उशी करून एक वृद्ध दांपत्य छताकडे पाहत पडले होते. शाळकरी मुले शेजारी लोळत होती. आणि कोणीही कोणाला उठा म्हणत नव्हते. काही वेळ एका रंगात राहून बाहेर आले की, शेजारच्या खोलीतील साधी पांढरी भिंतही घटकाभर निराळ्या छटेची दिसते, कारण डोळा एका रंगाला सरावलेला असतो. आपण जे पाहतो त्यात वस्तूचा भाग किती आणि डोळ्याचा किती, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात वाचलेला होता. येथे तो कोणी न बोलता पुढ्यात ठेवला.

या प्रदर्शनाला आठ महिन्यांच्या आत सात लाखांहून अधिक लोक येऊन गेले. प्रदर्शन संपले, परंतु हे जाळे संग्रहालयाने आपल्या संग्रहात ठेवून घेतले आणि पुढे पुन्हा मांडले.

आता आक्षेपांचा विचार केला पाहिजे, कारण आक्षेप आहेत आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप असा की, ही कला नव्हे, ही रोषणाई आहे. गणेशोत्सवाच्या मंडपात आणि या दालनात फरक तो काय? शिवाय तेथे छायाचित्रे काढण्यास मनाई तर नव्हतीच, उलट ती जरूर काढा अशा पाट्या लावल्या होत्या. परिणामी पुष्कळ लोक शिल्प पाहण्याऐवजी शिल्पापुढचे स्वतःचे चित्र पाहून परत गेले. हे खरे आहे. परंतु यात दोष रंगीत प्रकाशाचा म्हणता येत नाही. कॉर्कोरनच्या काळीही तैलचित्रांपुढे मिरवावयास येणारे लोक असतीलच. रोषणाई डोळ्यांना दिपविते आणि सोडून देते. कलाकृती दिपविल्यानंतर काही विचारते. या जाळ्याचे नाव वाचून ज्याला, हा आकडा कसला, असा प्रश्न पडला, त्याच्यापुरते ते शिल्प झाले. ज्याला पडला नाही, त्याच्यापुरती ती रोषणाई राहिली. म्हणून तो प्रश्न पडेल अशी व्यवस्था करणे हे संग्रहालयाचे कर्तव्य ठरते. भिंतीवरची माहितीची पाटी येथे शोभेची नाही. ती कृतीचा अर्धा भाग आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जपानच्या त्या आपत्तीत पंधरा हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्या लाटेची आकृती करून, तिच्यावर गुलाबी आणि जांभळे दिवे सोडून, लोकांना तिच्याखाली सुखाने लोळावयास सांगणे हे कितपत उचित आहे? हा प्रश्न या शहरात बसून आपण तरी हलक्या मनाने विचारू शकत नाही. २६ डिसेंबर २००४ ची ती रविवारची सकाळ आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्या दिवशी सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि त्यांत सर्वाधिक कोण होते तर किनाऱ्यावर राहणारे कोळी. ज्यांच्या जाळ्यांपासून ही कला सुरू झाली, त्याच लोकांवर समुद्र उलटला. महाबलीपुरमला लाट येण्यापूर्वी समुद्र मागे हटला तेव्हा वाळूखालचे जुने कोरीव दगड उघडे पडले आणि पुढे पुरातत्त्व खात्याने तेथे उत्खनन केले. संहार आणि सौंदर्य एकाच ओहोटीत दिसावे, असा तो क्षण होता.

माझे मत मी नम्रपणे मांडतो. त्या जाळ्यात रक्त नाही, आक्रोश नाही, हे खरे. परंतु डोक्यावर लाट धरून पडलेल्या माणसाला, पृथ्वी एका ठिकाणी हादरली की सर्वांचाच दिवस लहान होतो, ही गोष्ट ते जाळे सांगते. एका गाठीला ताण बसला की दूरची गाठ हलते. जाळ्याचा धर्मच तो. शोक व्यक्त करण्याची ही एक रीत आहे, एकमेव नव्हे. मात्र ज्याने ती लाट भोगली त्याने या दालनात येऊन, मला हे सहन होत नाही, असे म्हटले, तर त्याच्याशी वाद घालण्याचा अधिकार मला नाही, कलावंतालाही नाही.

तिसरा आक्षेप जुन्याचा अभिमान बाळगणाऱ्यांचा. ऐतिहासिक दालन हे ऐतिहासिक वस्तूंसाठीच असावे. त्यात असले नवे खेळ कशाला? याचे उत्तर द्यावयास आपणांस अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. २००८ मध्ये त्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, त्यानंतर तेथील जुन्या लाकडी कपाटांच्या आणि मातीच्या प्रतिकृतींच्या मधोमध आजच्या कलावंतांच्या कृती मांडल्या जाऊ लागल्या; आणि जुनी कपाटे लोक अधिक लक्षपूर्वक पाहू लागले. त्याहूनही जवळचे उदाहरण तंजावरचे. राजराज चोळाचे बृहदीश्वर मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. जवळजवळ आठशे वर्षांनी, १८०३ मध्ये, सरफोजीराजांच्या काळात त्याच मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. त्या भिंतीने तमिळ अक्षरांच्या शेजारी मराठी अक्षरांना जागा दिली. मंदिर त्यामुळे लहान झाले नाही आणि त्याचे दैवतही बदलले नाही. आपण या प्रांतात राहणारी मराठी माणसे त्या भिंतीची वारसदार आहोत.

एक गोष्ट मात्र मला बोचत राहते आणि ती आपल्यापुढे ठेवल्याशिवाय राहवत नाही. त्या शिल्पाखाली शिल्पकर्तीचे नाव आहे, दालनाला देणगीदारांचे नाव आहे, इमारतीला वास्तुरचनाकाराचे नाव आहे. महाबलीपुरमच्या वाळूवर पहिली गाठ मारून दाखविणाऱ्या त्या कोळ्यांची नावे कोठेही नाहीत. एकेलमनबाईंना याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल. आपली विद्या कोठून आली हे त्या जगभर मोकळेपणाने सांगत आल्या आहेत. दोष आहे तो आपल्या पाहण्याचा. ज्या किनाऱ्यावर आपण सहलीस जातो, देवळांपुढे उभे राहून छायाचित्रे काढतो आणि मासळीच्या वासाने नाकाला रुमाल लावून परत फिरतो, त्याच किनाऱ्यावर एका परक्या बाईला कला दिसली. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरचे कोळी शतकानुशतके जाळी विणीत आले आहेत. किती मराठी संग्रहालयांत ते जाळे कलावस्तू म्हणून टांगलेले आहे? दारावर कलेला समर्पित असे लिहिणे सोपे; परंतु कला या शब्दात कोणाकोणाचे हात येतात, हे दर पिढीने पुन्हा वाचावे लागते. १८७४ मध्ये त्या शब्दात केवळ तैलचित्र आणि संगमरवर बसत होते. १९७२ मध्ये त्यात कुंभार, सुतार आणि विणकर आले. २०१५ मध्ये त्यात कोळ्याची गाठ आली. अक्षरे तीच राहिली, अर्थ वाढला.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळाच्या दारावरही एक शब्द आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी तो लिहिला त्यांच्या मनात त्याचा एक अर्थ होता: मायबोलीचे चार शब्द कानी पडावेत, सणवार साजरे व्हावेत, नाटक बसवावे, मुलांची लग्ने जुळावीत. त्या अर्थाने मंडळाने आपले काम चोख केले आहे. आता सभागृहाच्या नूतनीकरणाची चर्चा चालू आहे. व्यासपीठ कोठे असावे, जुन्या तसबिरी ठेवाव्यात की काढाव्यात, यावर मतभेद आहेत असे मी ऐकतो. माझे मत विचाराल तर तसबिरी अवश्य ठेवाव्यात. त्यांच्याशी माझे भांडण नाही. परंतु या सभागृहात जन्मापासून तमिळ ऐकत वाढलेली आपली मुले आणि त्यांचे तमिळ सोबती आले, तर त्यांना भिंतीला पाठ टेकून गप्प बसावे लागेल की जमिनीवर पसरून काही करता येईल, याचा विचार तसबिरींच्या आधी व्हावा.

एक लहानशी सूचना करून थांबतो. दर दिवाळीला आपण बाजारातून आणलेले आकाशकंदील येथे टांगतो. यंदा ते विकत न आणता येथेच करावेत. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि खळ घेऊन आपल्यातील वडीलधाऱ्यांनी मुलांना शिकवावे. आणि एक दिवस महाबलीपुरमच्या किनाऱ्यावरील एखाद्या जाळे विणणाऱ्या गृहस्थाला सन्मानाने बोलावून, योग्य मानधन देऊन, त्याच्याकडून गाठ शिकून घ्यावी. त्याचे नाव मात्र कार्यक्रमपत्रिकेवर ठळक अक्षरांत छापावे. खर्च फारसा नाही. त्या संध्याकाळी दिवे लागतील तेव्हा सभागृहाच्या भिंतींवर ज्या सावल्या पडतील, त्या पाहावयास मी अवश्य येईन.